जिंकल्यानंतरचे सहा दिवस
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हरल्यावर माणसाने कसे वागावे, धीर कसा धरावा, पुन्हा कसे उभे राहावे, याविषयी व्याख्याने पुष्कळ होतात. जिंकल्यानंतर कसे वागावे हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. जणू जिंकलेल्याला काही शिकायचे उरलेलेच नसते! माझ्या मते जिंकल्यानंतरचे दिवस अधिक धोक्याचे असतात. म्हणून आज मी आपल्याला एका जिंकलेल्या संघाची, त्याच्या चाहत्यांची आणि त्यांनी लिंबूटिंबू समजलेल्या एका प्रतिस्पर्ध्याची हकीकत सांगणार आहे. ती अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची आहे.

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची गर्दी उभी राहते. अमेरिकेतला फुटबॉल तो नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळतात, फेकतात आणि क्वचितच पायाने मारतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू आणि शंभर यार्डांचे मैदान. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू दुसऱ्यांच्या ताब्यात द्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण मिळतात, त्यावर लाथेने आणखी एक मिळवता येतो. तिथवर पोहोचता आले नाही तर दुरून लाथ मारून चेंडू दोन खांबांच्या मधून घालवायचा. त्याचे गुण तीन. एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे समजण्यास पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या खेळात रोज सामने नसतात. आठवड्याला एक सामना, तोही बहुधा शनिवारी. आणि नेहमीच्या मोसमात एका कॉलेजचे सामने साधारण बाराच. त्यामुळे एकेका सामन्याला फार मोल येते. शनिवारी सामना झाला की पुढच्या शनिवारपर्यंत मधे सहा दिवस रिकामे राहतात. खेळाडूंना ते सरावासाठी असतात आणि चाहत्यांना बोलण्यासाठी! झालेल्या विजयाची चिरफाड करायची, येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे वजन करायचे, हाच त्या सहा दिवसांचा उद्योग. शिवाय क्रीडा पत्रकारांच्या मतांवरून पहिल्या पंचवीस संघांची क्रमवारी दर आठवड्याला प्रसिद्ध होते. आपला संघ दोन पायऱ्या वर चढला की चाहत्यांची छाती दोन इंच फुगते.

आता हकीकतीकडे वळू.

इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचे गाव आहे. तिथले नोत्र दाम विद्यापीठ १८४२ साली स्थापन झाले आणि १८८७ पासून तिथे फुटबॉल खेळला जातो. या खेळातल्या अत्यंत नामवंत घराण्यांपैकी हे एक. त्यांच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये सुमारे सत्त्याहत्तर हजार माणसे बसतात.

२०२४ चा मोसम सुरू झाला तेव्हा नोत्र दाम क्रमवारीत सातवे होते. ३१ ऑगस्टला त्यांचा पहिला सामना टेक्सास ए अँड एम या बलाढ्य संघाशी, त्याच्याच मैदानावर होता. एक लाखाहून अधिक माणसांच्या आरोळ्यांमध्ये हा सामना त्यांनी २३-१३ असा जिंकला. झाले! चाहत्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. संघ क्रमवारीत पाचव्या स्थानावर चढला. अजिंक्यपदासाठी बारा संघांची नवी स्पर्धा त्याच मोसमापासून सुरू होत होती. तिच्यात आपल्याला कितवे स्थान मिळेल, कोणाशी गाठ पडेल, याचे हिशेब मांडले जाऊ लागले. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

आणि पुढच्या शनिवारचा प्रतिस्पर्धी? नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठ. शिकागोच्या पश्चिमेला डिकॅल्ब नावाचे गाव आहे, काटेरी तारेच्या कारखानदारीसाठी एके काळी प्रसिद्ध असलेले. तिथे १८९५ साली शिक्षक तयार करण्यासाठी एक शाळा स्थापन झाली. त्या शाळेचे पुढे विद्यापीठ झाले. मी स्वतः बी. एड. असल्यामुळे या संस्थेविषयी मला जरा अधिक आपुलकी वाटली, तर आपण मला क्षमा कराल!

मोठी कॉलेजे अशा लहान कॉलेजांना आपल्या मैदानावर खेळायला बोलावतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. या सामन्यासाठी नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर मिळणार होते. यात कोणाची फसवणूक नाही. लहान कॉलेजाचा क्रीडा विभाग त्या पैशावर चालतो आणि मोठ्या कॉलेजाच्या खात्यावर एक विजय जमा होतो. निदान तशी अपेक्षा असते. अंदाज बांधणाऱ्यांनी नोत्र दाम या सामन्यात अठ्ठावीस-एकोणतीस गुणांच्या फरकाने जिंकेल असे धरले होते. म्हणजे जिंकणार की नाही हा प्रश्नच नव्हता, फक्त कितीने जिंकणार एवढेच पाहायचे होते.

७ सप्टेंबर २०२४ ला सामना झाला. नोत्र दामने आरंभीच गुण घेतले. पण थोड्याच वेळात नॉर्दर्न इलिनॉयच्या अँटेरिओ ब्राउन याने एक फेकलेला चेंडू झेलला आणि तो तब्बल ८३ यार्डांचा पल्ला गाठून टोकाला पोहोचला. स्टेडियम चिडीचूप झाले. पुढे नोत्र दामने १४-१३ अशी आघाडी मिळवली. शेवटची सहा मिनिटे उरली असतील. एका गुणाची का होईना, आघाडी हातात होती आणि चेंडूही हातात होता. अशा वेळी सांभाळून पावले टाकायची. तेवढ्यात नोत्र दामच्या रायली लेनर्डने लांबवर चेंडू फेकला आणि तो प्रतिस्पर्ध्याने झेलला.

त्यानंतर पाहुण्यांनी काय केले ते लक्षात घ्या. कोणताही चमत्कार केला नाही. चार यार्ड, तीन यार्ड, पाच यार्ड असे ते पुढे सरकत राहिले आणि घड्याळ संपवत राहिले. एकतीस सेकंद उरले असताना त्यांच्या कॅनन वुडर्डने ३५ यार्डांवरून लाथ मारून तीन गुण घेतले. १६-१४! नोत्र दामने अखेरचा प्रयत्न म्हणून ६२ यार्डांवरून लाथ मारली, ती पाहुण्यांनी वाटेतच अडवली. खेळ खलास.

नॉर्दर्न इलिनॉयचे त्या वेळचे प्रशिक्षक टॉमस हॅमक हे त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. व्यावसायिक संघातली नोकरी सोडून २०१९ साली ते आपल्या जुन्या कॉलेजात परत आले होते. सामना संपल्यावर कॅमेऱ्यासमोर बोलताना त्यांना अश्रू आवरेनात. पहिल्या दहांतल्या संघाला या विद्यापीठाने हरवण्याची ही पहिलीच वेळ होती.

विद्यार्थी मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर ससा-कासवाच्या गोष्टीपेक्षा तिच्यात निराळे काही नव्हते. मला आपल्यापुढे मांडायचे आहे ते थोडे वेगळे आहे. त्या सहा दिवसांत चाहत्यांनी जो हिशेब केला, तो चुकला कुठे?

पहिली चूक झाली ती विजय वाचण्यात. २३-१३ हा आकडा पाहिला की वाटते, दहा गुणांनी आरामात जिंकले. प्रत्यक्षात काय होते? सामना संपायला दोन मिनिटे उरेपर्यंत तो १३-१३ असा बरोबरीत होता! शेवटच्या दोन मिनिटांत दहा गुण आले. विजय खरा होता, मेहनतीचा होता, पण काठावरचा होता. अंतिम आकडा फक्त शेवट सांगतो, वाट सांगत नाही. ज्याने केवळ आकडा पाहिला त्याला आपला संघ अजिंक्य वाटला. ज्याने खेळ पाहिला त्याला ठाऊक होते की, आपली बाजू अजून कच्ची आहे.

पालकांनो, आपल्याकडेही हेच होते. सहामाहीचे प्रगतिपुस्तक हातात येते. गणितात ऐंशी. आपण पेढे आणतो. आणावेत, जरूर आणावेत, मुलाच्या मेहनतीची कदर झालीच पाहिजे. पण पेढा तोंडात घातल्यावर एकदा ती उत्तरपत्रिकाही उघडून पाहावी. ऐंशी कसे आले? भूमितीचे सोपे प्रश्न आले म्हणून आले, की बीजगणित खरोखर समजले म्हणून आले? वीस कुठे गेले? वार्षिक परीक्षेचा पेपर त्या वीसांच्याच वाटेने येतो, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो.

दुसरी चूक झाली ती प्रतिस्पर्ध्याचे वजन करण्यात. चाहत्यांनी नॉर्दर्न इलिनॉयचे नाव तोलले, संघ तोलला नाही. जुनी वही चाळली असती तर दिसले असते की, याच विद्यापीठाने २००३ साली अलाबामासारख्या मातब्बर संघाला त्याच्या घरच्या मैदानावर १९-१६ असे हरवले होते. असेच २००७ साली मिशिगनच्या चाहत्यांचे झाले होते. क्रमवारीत पाचव्या असलेल्या मिशिगनने पहिल्या सामन्यासाठी अ‍ॅपलाचियन स्टेट नावाच्या खालच्या विभागातल्या संघाला बोलावले. १ सप्टेंबर २००७ ला त्या पाहुण्यांनी एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर मिशिगनला ३४-३२ असे हरवले. सगळा देश थक्क झाला. वास्तविक तो पाहुणा संघ आपल्या विभागात सलग दोन वर्षे विजेता होता. मग त्याला दुबळा कोणी ठरवले? ज्यांनी त्याच्याकडे कधी पाहिलेच नव्हते त्यांनी!

दुबळा म्हणजे खरोखर दुबळाच असतो असे नाही. पुष्कळदा तो फक्त आपल्याला अपरिचित असतो. शिवाय मोठ्या संघाला वर्षात दहा-बारा सामन्यांची चिंता वाहायची असते, लहान संघाच्या मनात मात्र तो एकच सामना महिनोन् महिने घोळत असतो. एक जण आठवडाभर पुढच्या मोठ्या लढतीची स्वप्ने पाहतो आणि दुसरा आठवडाभर त्याच्या चालींचा अभ्यास करतो. शनिवारी ते समोरासमोर येतात तेव्हा नावाची पाटी मैदानाबाहेर राहते.

तिसरी चूक अधिक नाजूक आहे. चाहत्यांचे बोलणे खेळाडूंच्या कानांवर जाते. खेळाडू तरी कोण? अठरा ते बावीस वर्षांची पोरे. सहा दिवस ज्याच्या कानांवर ‘हा सामना काय, हातचा मळ’ असे शब्द पडतात, तो सातव्या दिवशी मैदानावर कितीही शहाणपणाने उतरला तरी मनाच्या एका कोपऱ्यात गाफील असतोच. चाहत्याला वाटते, मी तर नुसता बोलतोय, खेळणारा तो आहे. पण बोलण्याचाही खेळावर परिणाम होतो. आई-वडील हे मुलांचे पहिले चाहते. पाहुण्यांसमोर ‘आमच्या अस्लमला इंग्रजीची काळजीच नाही’ असे आपण कौतुकाने बोलतो. अस्लम दाराआड उभा असतो. त्या दिवसापासून तो इंग्रजीचे पुस्तक जरा कमी उघडतो. आणि ‘एवढ्या मोठ्या शाळांतली मुले येणार, तिथे आपली नजमा काय टिकणार’ हेही आपण बोलतो. नजमाही तेव्हा दाराआडच असते. एकाला आपण न खेळताच जिंकवतो, दुसरीला न खेळताच हरवतो. दोन्ही वेळी तोललेले असते फक्त नाव.

आता या हकीकतीचा पुढचा भाग ऐका. तो सहसा कोणी सांगत नाही.

नोत्र दामला हरवल्यावर नॉर्दर्न इलिनॉयचे नाव देशभर झाले. संघ पहिल्या पंचवीसांत आला. मधे एक आठवडा सुट्टीचा मिळाला, म्हणजे कौतुक ऐकायला सहाऐवजी तेरा दिवस मिळाले! नंतर २१ सप्टेंबरला त्यांच्याच मैदानावर बफेलो विद्यापीठ खेळायला आले. आता पारडे नॉर्दर्न इलिनॉयचे जड मानले जात होते आणि पाहुणा लिंबूटिंबू होता. निकाल? जादा वेळेत बफेलो २३, नॉर्दर्न इलिनॉय २०. दोन आठवड्यांपूर्वी ज्यांनी बलाढ्यांना धडा शिकवला, त्यांनाच तो धडा परत वाचावा लागला.

हा योगायोग म्हणावा, तर त्याआधी दोनच वर्षांपूर्वीचा दाखला आहे. १० सप्टेंबर २०२२ ला मार्शल विद्यापीठाने याच नोत्र दामला त्याच्याच मैदानावर २६-२१ असे हरवले होते. पुढच्याच आठवड्यात मार्शल बोलिंग ग्रीनकडून जादा वेळेत ३४-३१ असे हरले. तात्पर्य, गाफीलपणा हा थोरामोठ्यांचाच रोग नाही. विजय ज्याच्या घरी जातो त्याच्या घरी तो पाठोपाठ जातो. दुबळा म्हणून ज्याने जग जिंकले, त्यानेही दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला विचारले पाहिजे की, आता माझ्याकडे कोण डोळे लावून बसले आहे?

कोणी म्हणेल, एवढा खोल विचार कशाला? खेळात हार-जीत चालायचीच. चेंडू लांबट आहे, कसाही उसळतो. हे मला मान्य आहे. दैवाचा भाग असतोच, आणि एखादा सामना उत्तम तयारी करूनही हातून जातो. हॅमक यांच्या मुलांनी कितीही मेहनत केली असती, पण तो लांबवर फेकलेला चेंडू दोन हात बाजूला पडला असता तर आज मी ही गोष्ट सांगत नसतो. मात्र दैवाने दिलेली संधी पकडायला हात तयार असावे लागतात. चेंडू मिळाल्यावर सहा मिनिटे घाई न करता तीन-तीन, चार-चार यार्ड पुढे सरकत राहणे, हे काही दैवाने होत नाही. त्याला सराव लागतो.

आणि हरलेल्या नोत्र दामचे पुढे काय झाले? त्या संध्याकाळी कित्येक चाहत्यांनी जाहीर करून टाकले की मोसम संपला. प्रशिक्षक मार्कस फ्रीमन यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, कारण मार्शलकडून झालेला पराभवही त्यांच्याच कारकिर्दीतला होता. पण जे चाहते विजयाचे वजन करायला चुकले होते, ते पराभवाचे वजन करायलाही चुकले! पुढच्या शनिवारी नोत्र दामने पर्ड्यूला ६६-७ असे लोळवले. नंतर मोसमातला एकही सामना त्यांनी गमावला नाही. बारा संघांच्या स्पर्धेत त्यांना जागा मिळाली. इंडियाना, जॉर्जिया, पेन स्टेट अशा एकाहून एक तगड्या संघांना हरवून ते अंतिम सामन्यात पोहोचले. २० जानेवारी २०२५ ला झालेला तो सामना ओहायो स्टेटने ३४-२३ असा जिंकला. अजिंक्यपद हुकले खरे, परंतु सोळा सामन्यांपैकी चौदा जिंकून तो संघ घरी गेला. सप्टेंबरात ज्यांच्या नावाने खडे फोडले, त्याच मुलांसाठी जानेवारीत लोक रात्र जागले.

म्हणजे पाहा, पहिल्या आठवड्यात चाहत्यांना वाटले, आपण अजिंक्य आहोत. दुसऱ्या आठवड्यात वाटले, आपण कुचकामी आहोत. दोन्ही मते खोटी ठरली. संघ तोच होता, मुले तीच होती. फरक एवढाच की, दुसऱ्या आठवड्यानंतर त्यांनी समोरच्याचे नाव पाहणे सोडले आणि समोरचा सामना पाहणे सुरू केले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तुम्हीच पहिले असाल. मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाच्या कॉलेजात गेल्यावर तुमच्याकडे कोणी लिंबूटिंबू म्हणून पाहिले, तर रागावू नका, दबूनही जाऊ नका. त्याने तुमचे नाव तोलले आहे, तुम्हाला अजून तोललेले नाही. तुम्ही तीन-तीन यार्ड पुढे सरकत राहा. आणि ज्या दिवशी तुमचा नंबर वर लागेल, त्या दिवशी आनंद जरूर करा. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी उठून पुस्तक उघडा, आणि आपले काय कच्चे राहिले आहे ते आधी पाहा.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्याला माझी विनंती एवढीच की, निकालानंतरचे दिवस जपा. मूल जिंकले असेल तर त्याला उत्तरपत्रिका उघडायला बसवा. हरले असेल तरीही उत्तरपत्रिकाच उघडायला बसवा. आपले शब्द मोजून वापरा, कारण दाराआड कोणीतरी उभे असते. सामना मुलांना खेळायचा आहे. मधले सहा दिवस मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात.



— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.